डॉन बेलोंगच्या मागोमाग

आत शिरताना जरा वाकून या, दाराची चौकट बुटकी आहे. साल १८८९, जून महिना, गाव मनिला. बाहेर पावसाची सर नुकतीच येऊन गेलीय. आत शाई, रॉकेल आणि घाम यांचा मिळून एक वास भरलाय. खिडकीपाशी जुळारी उभ्यानंच काम करतोय. डाव्या हातात स्टिक, उजव्या हाताची बोटं केसच्या खणांत न बघता फिरताहेत. एक खिळा उचलला, लावला, दुसरा उचलला. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी, पण त्याला ती सरळ वाचता येतात. आज मात्र तो अडखळतोय. स्पॅनिश मजकूर त्यानं सपासप लावला. आता समोर आलेली भाषा त्याच्या हाताला सवयीची नाही. उत्तरेकडच्या इलोकोस प्रांतातली ही भाषा बाजारात आणि शेतात बोलली जाते. तिच्यात वर्तमानपत्र निघालेलं कुणी पाहिलेलं नाही.

त्याच्या खांद्यावरून डोकावणारा तरुण म्हणजे इसाबेलो दे लोस रेयेस. पुढच्या महिन्यात पंचविशी पूर्ण करील. मनिलातले लोक पुढे त्याला डॉन बेलोंग म्हणतील. वर्तमानपत्राचं नाव ‘एल इलोकानो’. स्पॅनिश आणि इलोकानो अशा दोन भाषांतलं हे पाक्षिक म्हणजे फिलिपिन्समधल्या देशी भाषेच्या वृत्तपत्रांची सुरुवात मानली जाते. खिळे लावणं म्हणजे काय हे इसाबेलोला चांगलं ठाऊक आहे. कॉलेजात असताना खर्च भागवायला ‘ला ओसेआनिया एस्पान्योला’ या दैनिकाच्या छापखान्यात त्यानं हेच काम केलं होतं.

प्रूफ निघालं की ते सेन्सॉरकडे जाणार. १८५६ पासून इथं कायमची सेन्सॉर समिती बसलीय: अर्धे सभासद सरकारनं नेमलेले, अर्धे आर्चबिशपनं. फिलिपिन्समध्ये छापायची प्रत्येक ओळ आणि बाहेरून येणारं प्रत्येक पुस्तक त्यांच्या नजरेखालून जातं. आणि पाद्री म्हणजे इथं नुसता धर्मगुरू नव्हे. गावागावांत स्पॅनिश मठवासी पाद्री जमीनदार आहे, शाळा तपासणारा आहे, कोण राजनिष्ठ आणि कोण बंडखोर हे सरकारला कळवणाराही तोच. अशा मुलखात वर्तमानपत्र काढणाऱ्याला दोनच वाटा दिसतात. गप्प राहायचं, नाही तर होसे रिझाल, मार्सेलो देल पिलार या लेखकांसारखं स्पेनला जाऊन तिथून लिहायचं. इसाबेलो मनिलातच राहिलाय. इथं राहून किती लिहिता येतं ते तो रोज अजमावतो. आज काय सुटेल, उद्या काय अडेल, कुठलं वाक्य इतिहासाच्या नावाखाली खपेल, कुठलं लोककथेच्या. हे धाडस लांबून दिसत नाही, छापखान्यात उभं राहिल्यावरच कळतं.

आता माझ्याबरोबर थोडं मागे चला, उत्तरेला, बिगान गावात.

दगडी तळमजला, वर लाकडी माडी, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ चौकोन बसवलेले. गोव्यातली जुनी घरं पाहिली असतील तर अशा खिडकीतून येणारा दुधाळ उजेड तुम्हाला ओळखीचा वाटेल. इसाबेलोची आई लिओना फ्लोरेन्तिनो या गावातल्या बड्या घराण्यातली. ती कविता करते, इलोकानोत आणि स्पॅनिशमध्ये. सण, वाढदिवस, लग्नं, प्रेमभंग, सगळ्यावर करते. त्या काळातल्या घरंदाज बाईनं इतकं मोकळं लिहावं हे घरच्यांना मानवलं नाही. ती नवऱ्यापासून आणि मुलांपासून वेगळी राहिली. इसाबेलो नातेवाइकांकडे वाढला आणि ऑगस्टिनियन पाद्र्यांच्या सेमिनरीत शिकला. तिथली मारझोड सहन न होऊन त्यानं पोरांचा संप घडवून आणला. १८८० साली, सोळाव्या वर्षी, घरी न विचारता तो मनिलाला निघून आला.

लिओना १८८४ साली वारली, उण्यापुऱ्या पस्तीस वर्षांची. तिच्या कविता चोपड्यांत आणि लोकांच्या तोंडी होत्या. लेकानं त्या जमवल्या आणि युरोपात प्रदर्शनांना पाठवल्या. पॅरिसमध्ये १८८९ साली जगभरच्या लेखिकांचा एक कोश निघाला, त्यात तिचं नाव आलं. मनिलाच्या छापखान्यात तुम्ही ज्या तरुणाला पाहिलंत, त्याचा ‘एल फोल्क-लोर फिलिपिनो’ हा ग्रंथही त्याच वर्षी बाहेर पडला. माद्रिदच्या १८८७ च्या प्रदर्शनात त्याला रौप्यपदक मिळालेलं होतं. त्या ग्रंथात भुतंखेतं आहेत, औषधी झाडपाला आहे, पेरणीचे आणि बाळंतपणाचे विधी आहेत, आणि त्यातच आईच्या कविताही आहेत.

हा ग्रंथ हातात घेऊन थोडा वेळ बसा, घाई नको. एके ठिकाणी तो लिहितो की इलोकानो लाकूडतोड्या झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी झाडातल्या अदृश्य रहिवाशांची समजूत घालतो: रागावू नका, वरून हुकूम आला म्हणून तोडतोय. ही समजूत घातली नाही तर माणूस आजारी पडतो असं लोक मानतात. पाद्र्यांच्या लेखी ही अंधश्रद्धा, स्पॅनिश अधिकाऱ्याच्या लेखी मागासपणा. इसाबेलो ती काळजीपूर्वक टिपून घेतो, शेजारच्या प्रांतात काय म्हणतात ते पाहतो, आणि स्पेनमधल्या खेडवळ समजुतींची उदाहरणं काढून पुढ्यात ठेवतो. तुमच्या गलिथियातले शेतकरीही असंच मानतात, मग मागासलेले कोण, हा प्रश्न तो उघडपणे विचारत नाही. वाचणाऱ्याच्या मनात मात्र तो उभा राहतोच. याच पुस्तकात तो स्वतःला डोंगरातल्या आएता, इगोरोत आणि तिंग्गियान लोकांचा भाऊ म्हणवतो. मनिलातल्या सुशिक्षितांना हे रुचलं नाही. युरोपसमोर आपण सुधारलेले दिसावं अशी त्यांची धडपड होती, आणि हा त्यांना जंगलातल्या नातेवाइकांची आठवण करून देत होता.

रिझालशीही त्याचं जमलं नाही. ‘ला सोलिदारिदाद’ या पत्रात १८९० साली रिझालनं इसाबेलोच्या इतिहासलेखनावर कडक टीका केली. रिझालला राष्ट्राचा एकसंध, अभिमानास्पद भूतकाळ हवा होता. इसाबेलोला इलोकोसचा इतिहास इलोकोसचा म्हणून हवा होता, त्यातल्या विसंगतींसकट. वाद कडू होता. तरी दोघांची गरज त्या देशाला होती असं मी मानतो, आणि एकाच्या पुतळ्यांच्या सावलीत दुसरा झाकला गेला याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता १८९७ चा फेब्रुवारी. मन घट्ट करा, कारण आपण बिलिबिड तुरुंगात चाललोय.

मागच्या ऑगस्टमध्ये कातिपुनान ही गुप्त संघटना उघडकीला आली आणि बंड पेटलं. तीस डिसेंबरला रिझालला गोळ्या घातल्या. इसाबेलोचा कातिपुनानशी संबंध नव्हता, पण शिकलेला देशी माणूस, त्यात पत्रकार, एवढा पुरावा पोलिसांना पुरला. कोठडी खच्चून भरलीय. पाठ टेकायला जागा शोधताना तुमचे गुडघे शेजाऱ्याच्या बरगडीला लागतात. अंगावर मारहाणीचे वळ असलेली माणसं बसलीत: गोदामातले कारकून, शिंपी, छापखान्यातले जुळारी, सिगारच्या कारखान्यातले कामगार. वकील आणि जमीनदार फार थोडे. इसाबेलोच्या लक्षात पहिल्यांदा काय येतं, तर हेच. सरकार सांगतंय की हे बंड श्रीमंत, परदेशात शिकलेल्या चार डोक्यांनी पेटवलं. इथं बसलेले लोक तसे नाहीत.

मग तो जे पूर्वी लाकूडतोड्याजवळ बसून करत असे तेच इथं करू लागतो. विचारतो. तुला संघटनेत कुणी आणलं, शपथ कशी घेतली, तुमच्या शहरात पाद्र्यानं काय केलं, जमिनीचा खंड किती, कोणत्या छळानंतर तू कबुलीजबाब दिलास. लोक सांगतात, कारण ऐकणारा त्यांच्यासारखाच कैदी आहे. या सगळ्यातून तो गव्हर्नर जनरल प्रिमो दे रिव्हेराच्या नावे एक निवेदन लिहितो. नवा गव्हर्नर एप्रिलमध्येच आलाय. निवेदनात बंडाची कारणं मांडलीत आणि दोष सरळ मठवासी पाद्र्यांवर ठेवलाय. कैद्यानं लिहिलेला हा कागद आहे, सुटकेसाठी केलेली गयावया त्यात नाही. पुढे १८९९ साली तो माद्रिदमध्ये पुस्तकरूपानं निघाला. कातिपुनान हे कष्टकऱ्यांचं बंड होतं, हे आज फिलिपिन्सच्या इतिहासात जे म्हटलं जातं, त्याच्या सुरुवातीच्या साक्षींपैकी एक इथं, या दमट भिंतींच्या आत टिपली गेली.

तो आत असतानाच त्याची बायको होसेफा वारली. मुलं लहान. बातमी त्याला कोठडीतच कळली. इथं मी तुम्हाला जास्त वेळ थांबवणार नाही.

मे महिन्यात, राजाच्या वाढदिवसाच्या निमित्तानं माफी मिळाली. ती टिकली नाही. पुन्हा पकडून त्याला बोटीत घातलं आणि बार्सिलोनाला पाठवलं. बंदराच्या डोक्यावर मोंजुईक टेकडी, टेकडीवर किल्ला, किल्ल्यात तुरुंग. तिथं आदल्या वर्षीच्या बाँबस्फोटाच्या निमित्तानं पकडलेल्या अराजकवाद्यांचा अमानुष छळ झाला होता; त्याच्या कहाण्या युरोपभर छापून येत होत्या. मनिलाहून आलेल्या या माणसाची इथं रामोन सेम्पाउ नावाच्या कवीशी ओळख होते. छळ करणाऱ्या लेफ्टनंट पोर्तासवर सेम्पाउनं गोळ्या झाडल्या होत्या. त्याच्याशी बोलताना इसाबेलोला आणखी एक स्पेन दिसतो, त्याच सरकारचा आणि त्याच पाद्र्यांचा मार खाणारा. आपल्याला छळणाऱ्या देशातही आपले लोक असतात, हे त्यानं तुरुंगातल्या सोबतीतून शिकून घेतलं.

जानेवारी १८९८ मध्ये तो सुटतो. त्यानंतरच्या माद्रिदमधल्या वर्षांवरून आपण भराभर पुढे जाऊ. अमेरिका स्पेनशी लढते आणि जिंकते. डिसेंबरच्या पॅरिस तहात दोन कोटी डॉलरच्या बदल्यात फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात जातं. त्या देशातल्या माणसांना कुणी विचारत नाही. इसाबेलो एका स्पॅनिश अधिकाऱ्याच्या मुलीशी, मारिया आंखेलेस लोपेस मोन्तेरोशी, लग्न करतो आणि ‘फिलिपिनास आन्ते एउरोपा’ हे पत्र काढतो. अमेरिकन माणसांशी आमचं वैर नाही, साम्राज्यशाहीशी मात्र मरेपर्यंत आहे, अशी त्याची भूमिका. याच काळात बायबलच्या काही भागांचं इलोकानोत भाषांतरही करतो.

आता सावकाश चला. १९०१ चा जुलै, मनिला बंदर. धक्क्यावर उतरलेल्या त्याच्या सामानात पुस्तकं आहेत: प्रुधों, बाकुनिन, क्रोपोत्किन, मालातेस्ता, मार्क्स, डार्विन. या बेटांवर अशी पुस्तकं फारशी कुणी पाहिलेली नाहीत. झेंडा बदललाय, पासिग नदी तीच आहे. अमेरिकन लष्कराची लढाई अजून दक्षिणेत चालूच आहे. नोव्हेंबरमध्ये राजद्रोहाचा नवा कायदा येतो आणि स्वातंत्र्याची मागणी करणं हाच गुन्हा ठरतो. इसाबेलो नवं वर्तमानपत्र काढायला परवानगी मागतो, मिळत नाही. पक्ष काढायला बघतो, तेही नाही.

मग छापखान्यातले कामगार त्याच्याकडे येतात. त्यांच्यात एर्मेनेहिल्दो क्रूस आहे, वाचनाची प्रचंड आवड असलेला जुळारी. त्यांच्या मनात सहकारी मंडळी काढायची आहे. इसाबेलो म्हणतो, त्याआधी संघटना करा. २ फेब्रुवारी १९०२ रोजी ‘युनियोन ओब्रेरा देमोक्रातिका’ जन्माला येते, फिलिपिन्समधला पहिला कामगार महासंघ. सुरुवातीला जेमतेम दीडशे माणसं. घोड्यासमोर गवत टाकावं तशी भाषणं त्यांच्यापुढे टाकून चालणार नाही हे इसाबेलोला कळतं, म्हणून तो संध्याकाळचे जलसे भरवतो. गाणं होतं, नाटुकलं होतं, मधे कुणी उठून आठ तासांच्या दिवसाबद्दल बोलतो, पुन्हा वाद्यं सुरू होतात. तुम्ही मागच्या बाकावर बसा. शेजारची बाई दिवसभर सिगार वळून आलीय, तिच्या बोटांना तंबाखूचा तपकिरी डाग आहे आणि तोंडात पानसुपारी. भाषण चाललं की ती चघळणं थांबवते. या माणसांना त्यांच्या पातळीवर उतरून शिकवायला कुणी आलेलं नाही; ती इथं गाणं ऐकायला आणि गप्पा मारायला येतात, आणि जाताना मजुरीचा हिशेब बोटांवर मोजत जातात.

त्या वर्षी मार्चपासून मनिलात कॉलरा आहे. चांदीच्या नाण्याची किंमत घसरलीय, मजुरी चांदीत मिळते, तांदूळ महागलाय. जुलैत युनियन मालकांकडे मजुरीवाढ मागते, मालक नकार देतात, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला संप पेटतो. एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात जातो.

याच धांदलीत, ३ ऑगस्टला, युनियनच्या सभेत इसाबेलो आणखी एक घोषणा करतो: फिलिपिनो लोकांचं स्वतंत्र चर्च, रोमपासून वेगळं. प्रमुख बिशप म्हणून नाव घेतो ग्रेगोरिओ आग्लिपाय यांचं. आग्लिपाय इलोकोसचेच, बंडात लढलेले पाद्री, आर्चबिशपनं बहिष्कृत केलेले. सुरुवातीला ते कचरतात, नंतर जबाबदारी उचलतात. मानद अध्यक्षांत तर अमेरिकन गव्हर्नर टाफ्टचंही नाव घातलेलं असतं. तो ते नाकारतो. कामगारांच्या सभेत चर्च जाहीर करणं तुम्हाला विचित्र वाटेल. पण त्या बाकांवर बसलेल्यांना नाही वाटलं. जमीन पाद्र्याची, शाळा पाद्र्याची, आणि पाद्री परका. पगाराचा प्रश्न आणि प्रार्थनेचा प्रश्न त्यांच्या गावात एकाच दारापाशी उभे होते. काही वर्षांतच लाखो लोक नव्या चर्चमध्ये गेले. आणि १९०३ साली त्या चर्चनं होसे रिझालला संत ठरवलं, ज्या रिझालनं इसाबेलोला छापून झोडपलं होतं.

१९०२ च्या त्याच ऑगस्टात इसाबेलोला अटक. कलम ऐका: मजुरीचा दर वाढवण्यासाठी कट करणे. हे कलम जुन्या स्पॅनिश दंडसंहितेतलं. स्पॅनिश राज्य बुडवून आलेल्या अमेरिकनांनी ते तसंच जपून ठेवलं होतं आणि आता वापरायला काढलं. शिक्षा चार महिने. बिलिबिडमध्ये त्यानं कैद्यांना विचारलं होतं ना, तुम्ही बंड का केलं? आता त्याच्याच गुन्ह्याच्या नावात उत्तर लिहिलेलं होतं.

यापुढचं आयुष्य मी थोडक्यात सांगतो, कारण मला तुम्हाला एका विशिष्ट दिवशी नेऊन सोडायचंय. तो पुन्हा स्पेनला जाऊन आला. १९१२ साली मनिलाच्या नगरमंडळावर निवडून आला आणि १९१९ पर्यंत राहिला. १९२२ मध्ये इलोकोसमधून सेनेटवर गेला, म्हणजे अमेरिकन झेंड्याखालच्या सभागृहात बसला. त्याबद्दल त्याच्यावर टीका झाली. मला ती पटत नाही. वर्तमानपत्राला परवानगी नाही तर युनियन, युनियनच्या जोडीला चर्च, मतदानाचा हक्क आला तर मत, असं जे दार उघडं दिसलं त्यातून तो आत शिरत गेला. १९२९ साली पक्षाघात झाला आणि नऊ वर्षं अंथरुणावर काढून १० ऑक्टोबर १९३८ ला तो गेला. तिन्ही लग्नांतून मिळून सत्तावीस मुलं. त्यांतल्या काही मुली कॅथलिक नन झाल्या, तर इसाबेलो धाकटा पुढे आग्लिपायच्या चर्चचा प्रमुख बिशप झाला. बापानं शेवटी रोमकडे परतण्याच्या कागदावर सही केली की नाही, केली तर शुद्धीवर होता का, यावर घरातच फूट पडली. हुतात्मे लवकर जातात, त्यांची बाजू ठरलेली राहते. चौऱ्याहत्तर वर्षं जगलेल्या माणसाची ठरत नाही, आणि शाळेच्या पुस्तकाला अशी माणसं अडचणीची वाटतात.

आता तो दिवस. १ मे १९०३.

इसाबेलो सुटलाय, पण युनियनचं नेतृत्व त्यानं सोडलंय. ते डॉक्टर डोमिनादोर गोमेसकडे गेलंय. इसाबेलो कामगारांच्या या मोर्च्यात कुठे आहे हे बघायला मान वळवू नका. त्याच्याशिवायच हे चाललंय आणि तेच मला तुम्हाला दाखवायचंय. गेल्या वर्षी दीडशे माणसं होती. आज आकडा एक लाख असल्याचं सांगतात. तुम्हाला दोन्ही टोकं दिसत नाहीत एवढं खरं. छापखान्यांतले, सिगार कारखान्यांतले, बंदरावरचे लोक, डोक्यावर वेताच्या टोप्या, पायांत काही नाही. आठ तासांचा दिवस मागताहेत, साम्राज्यशाही नको म्हणून ओरडताहेत, आणि राजद्रोहाचा कायदा अजून जागच्या जागी आहे. महिनाभरात गोमेसला अटक होणार, युनियन मोडणार, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि त्यांना नाही. सांगायला तोंड उघडाल तर ऐकू जाणार नाही, इतका आवाज आहे. गव्हर्नरच्या मलाकान्यांग वाड्याचं फाटक समोर दिसू लागलंय, मागची रांग पुढे रेटतेय, आणि तुमच्या डाव्या हाताची बाई तुम्हाला दंडाला धरून ओळीत घेतेय.